डेटा सेंटरसाठी करसवलती आणि वीज नियमन (अमेरिकेतली राज्यं)

डेटा सेंटर (इंटरनेट सेवांचे हजारो सर्व्हर, म्हणजे मोठे कॉम्प्युटर, ठेवलेली इमारत) आपल्याकडे यावं म्हणून अमेरिकेतली राज्य सरकारं कंपन्यांना जो टॅक्स माफ करतात, आणि त्याच सेंटरना वीज कुठल्या दराने आणि कुठल्या अटींवर द्यायची हे ठरवणारे जे नियम असतात, त्या दोन्हींबद्दल ही नोंद आहे. या दोन गोष्टी एकत्रच बघायला हव्यात, कारण करमाफी देतं विधिमंडळ आणि विजेचे दर ठरवतं राज्याचं वीज कमिशन, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे निर्णय घेतात आणि भार मात्र शेवटी त्याच घरावर येतो, एकदा टॅक्समधून आणि एकदा लाईटबिलातून.

सगळ्यात कॉमन सवलत म्हणजे उपकरणांच्या खरेदीवरच्या सेल्स टॅक्सची माफी. सर्व्हर दर काही वर्षांनी बदलावे लागतात, त्यामुळे ही सूट एकदाच मिळून संपत नाही, प्रत्येक नव्या खरेदीवर परत मिळत राहते, काही राज्यांत तर कूलिंगची यंत्रणा आणि वीजसुद्धा त्यात धरतात. पन्नासपैकी निम्म्याहून बरीच जास्त राज्यं अशी सूट देतात. व्हर्जिनियाचं उदाहरण सगळ्यात मोठं, तिथल्या लाउडन काउंटीत, ॲशबर्नच्या आसपास, जगातली सगळ्यात दाट डेटा सेंटर वस्ती आहे. तिथे सूट हवी तर साधारणपणे किमान 15 कोटी डॉलरची गुंतवणूक आणि 50 नोकऱ्या अशी अट आहे. विधिमंडळाच्याच ऑडिट कमिशनने डिसेंबर 2024 मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात 2023 च्या आर्थिक वर्षात या माफीची रक्कम सुमारे 92.8 कोटी डॉलर निघाली. टेक्सासचा अंदाज तर वर्षाला 100 कोटी डॉलरच्या घरात गेलाय.

नोकऱ्यांचं काय? बांधकाम चालू असताना कामाच्या ऐन भरात दीड हजारापर्यंत माणसं साइटवर असतात, पण बिल्डिंग उभी राहिली की अडीच लाख चौरस फुटांच्या सेंटरला साधारण 50 जण पुरतात आणि त्यातले निम्मे कंत्राटी, हे त्याच रिपोर्टमध्ये आहे. हां, काउंटीचा फायदा मात्र खरा आहे, सर्व्हरवरचा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स लाउडनला भरपूर मिळतो आणि शाळा-रस्त्यांचा खर्च त्यातून निघतो. म्हणजे सूट राज्य देतं आणि उत्पन्न काउंटीला येतं, म्हणून स्थानिक नेते आणि राज्याचे हिशेबनीस याबद्दल वेगळं बोलतात तेव्हा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एकदा दिलेली सूट काढणं फार अवघड जातं. 2024 मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने ही माफी दोन वर्षं थांबवायचं बिल पास केलं, गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी व्हेटो केलं. 2025 मध्ये ओहायोत बजेटमधून ती रद्द करायचा प्रयत्न झाला, तिथेही गव्हर्नर माइक डिवाइन यांचा व्हेटो आला. मिनेसोटाने 2025 मध्ये मधला मार्ग काढला, विजेवरची सूट काढली आणि उपकरणांवरची आणखी लांबवली.

आता वीज. बऱ्याच राज्यांत वीज कंपनी आपल्या भागात एकटीच असते, मागेल त्याला वीज देणं तिच्यावर बंधनकारक असतं आणि बदल्यात खर्च अधिक ठरावीक नफा ग्राहकांकडून वसूल करायची परवानगी तिला कमिशन देतं. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, लोड, म्हणजे विजेची मागणी, हळूहळू वाढेल असं धरून बनवलेली. एकच ग्राहक येऊन शेकडो मेगावॅट मागेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. खरी भीती अशी की कंपनीने कर्ज काढून सबस्टेशन, लाइन, गॅस प्लांट उभे करायचे आणि सेंटर आलंच नाही किंवा अर्धीच वीज वापरली, तर तो खर्च चाळीस वर्षं बाकीच्यांच्या बिलात फिरत राहणार. शिवाय एकच प्रोजेक्ट चार ठिकाणी अर्ज टाकतो, त्यामुळे मागणीचा आकडा फुगलेला असतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय मला ओहायोचा वाटतो. जुलै 2025 मध्ये तिथल्या कमिशनने एईपी ओहायो या वीज कंपनीसाठी नवा टॅरिफ (दर आणि अटी) मंजूर केला, 25 मेगावॅटच्या वरच्या नव्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली तिच्या किमान 85 टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरो न वापरो, आणि हे 12 वर्षांपर्यंत. त्यानंतर 30,000 मेगावॅटवर गेलेली मागणी सुमारे 13,000 वर आली! अशी अट नसती तर फुगलेल्या आकड्यासाठीच लाइनी टाकल्या गेल्या असत्या. इंडियानात इंडियाना मिशिगन पॉवरसाठी याच धर्तीचे नियम आलेत, ओरेगॉनने 2025 च्या कायद्याने मोठ्या ग्राहकांचा वेगळा वर्ग केलाय, आणि टेक्सासने त्याच वर्षी 75 मेगावॅट आणि वरच्यांसाठी कायदा केला की जोडणीच्या अभ्यासाची फी भरा, दुसरीकडे अर्ज केला असेल तर सांगा, आणि ग्रिड संकटात असताना लोड कमी करायची तयारी ठेवा.

पण राज्याच्या कमिशनचा हात एका मर्यादेपर्यंतच पोचतो. विजेचा घाऊक बाजार बहुतेक राज्यांत केंद्राच्या नियमनाखाली येतो. पीजेएम नावाची ग्रिड 13 राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीत पसरलीय, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी दोन्ही त्यात येतात, तिथल्या क्षमतेच्या लिलावातला (म्हणजे पुढे लागेल तेव्हा वीज तयार ठेवण्यासाठी प्लांटना द्यायचा) भाव 2024-25 साठी एका मेगावॅटला दिवसाला 28.92 डॉलर होता तो 2025-26 साठी 269.92 झाला, आणि या वाढीचं मोठं कारण डेटा सेंटरची मागणी आहे असं बाजारावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेने सांगितलं. म्हणजे सूट व्हर्जिनियाने द्यायची आणि बिल न्यू जर्सीतल्या माणसाचंही वाढायचं, ज्याला त्या निर्णयात मतच नव्हतं.

कमिशनवरची माणसं बहुतेक राज्यांत नेमलेली असतात, काही ठिकाणी निवडून येतात. जॉर्जियात ती निवडून येतात आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लाईटबिलाच्या मुद्द्यावर तापलेल्या निवडणुकीत पदावर असलेले आणि परत उभे राहिलेले दोन रिपब्लिकन सदस्य हरले, ॲलिशिया जॉन्सन आणि पीटर हबर्ड हे डेमोक्रॅट जिंकले.