सार्कॉइडोसिस आणि हाडे : पार्श्वभूमी

सार्कॉइडोसिस आज मुख्यतः फुप्फुसांचा आणि लसिका ग्रंथींचा विकार म्हणून ओळखला जात असला, तरी एकोणिसाव्या शतकात त्याची पहिली वर्णने त्वचारोगतज्ज्ञांनी केली. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ मध्ये त्वचेवरील चट्ट्यांचा एक रुग्ण नोंदवला. १८८९ मध्ये पॅरिसच्या एर्नेस्ट बेनिये यांनी नाक, कान आणि बोटे निळसर-लाल होऊन सुजलेल्या एका रुग्णाचे वर्णन करून त्या विकाराला ‘ल्युपस पर्निओ’ असे नाव दिले. त्या सुजलेल्या बोटांच्या आत काय चालले आहे, हे पाहण्याचे साधन मात्र तेव्हा नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला.

ल्युपस पर्निओच्या रुग्णांच्या बोटांच्या हाडांतील बदल कार्ल क्रायबिख यांनी १९०४ मध्ये नोंदवले. पुढे १९२० मध्ये ओटो युंगलिंग या जर्मन शल्यचिकित्सकाने हातापायांच्या बोटांच्या हाडांत दिसणाऱ्या लहान पोकळ्यांचे आणि जाळीदार झिजेचे सविस्तर वर्णन केले. पण त्याला दिलेल्या लॅटिन नावातच त्यांनी ‘क्षयजन्य’ हे विशेषण घातले. त्याबद्दल त्यांना फार दोष देता येत नाही. दोन्ही रोगांत पेशींच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार होतात. क्षयाच्या गाठींचा मध्यभाग बहुधा चिजासारखा मरून जातो, सार्कॉइडोसिसच्या गाठींचा सहसा जात नाही, या फरकावर निदान बरेचसे तोलले जाते. आणि क्षय जिथे घरोघरी माहीत आहे त्या भारतात हा पेच आजही सुटलेला नाही. त्वचा, फुप्फुसे, लसिका ग्रंथी आणि अस्थिमज्जा यांतील बदल एकाच सर्वांगीण रोगाचे आहेत, ही मांडणी स्वीडनच्या योर्गेन शाउमान यांनी त्याच काळात केली.

हाडांतल्या या गाठी पुष्कळदा दुखतही नाहीत. पाठीचे मणके आणि कटीची हाडे यांतील गाठी साध्या क्ष-किरण चित्रात सहज निसटत. एमआरआय आणि पेट स्कॅन आल्यावर त्या अधिक दिसू लागल्या, आणि कर्करोग हाडांत पसरल्याचा संशयही त्यांच्यावरून घेतला जाऊ लागला.

हाडांचे अधिक व्यापक नुकसान होते ते मात्र वेगळ्या मार्गाने. काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेले असते, हे १९३९ मध्ये अमेरिकेत नोंदले गेले होते, पण कारण उलगडायला चार दशके लागली. ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप एरवी मूत्रपिंडांत बनते; पण मूत्रपिंडे नसलेल्या सार्कॉइडोसिसच्या एका रुग्णाच्या रक्तातही ते वाढलेले आढळल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते अन्यत्र तयार होत असल्याचे स्पष्ट झाले. ग्रॅन्युलोमातील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीच ते बनवतात, हे लवकरच सिद्ध झाले. हे सक्रिय रूप आतड्यातून कॅल्शियम अधिक शोषून घेते आणि हाडांतूनही ते बाहेर काढते.

१९५० नंतर उपचारात आलेल्या स्टेरॉइडांनी यात भर घातली, कारण दीर्घकाळ घेतल्यास ती हाडे ठिसूळ करतात. दीर्घकाळ स्टेरॉइडे घेणाऱ्या इतर रुग्णांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. सार्कॉइडोसिसमध्ये मात्र या गोळ्यांनी रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. नेहमीच्या चाचणीत ड जीवनसत्त्व कमी दिसत असतानाच त्याचे सक्रिय रूप वाढलेले असू शकते, म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी दोन्ही रूपे आणि रक्तातील कॅल्शियम तपासणे योग्य ठरते.