‘व्हर्टिगो’ पहिला कधीपासून?

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या सिनेमांतले तुमचे आवडते क्रमाने सांगा म्हटलं की बहुतेकांच्या यादीची सुरुवात सारखीच असते. ‘व्हर्टिगो’, ‘रिअर विंडो’, ‘सायको’, ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’. खरी वादावादी पाचव्या जागेवरून होते, ‘नटोरियस’ घ्यायचा की ‘शॅडो ऑफ अ डाउट’. ही यादी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असणार असं आपण धरून चालतो. ती तशी नव्हती. १९५८ साली ‘व्हर्टिगो’ लागला तेव्हा समीक्षकांनी त्याचं फार कौतुक केलं नाही आणि तिकीटबारीवरही तो बेताचाच चालला. जगभरच्या समीक्षकांच्या मतदानात तो पहिल्या नंबरावर यायला चोपन्न वर्षं लागली. मधल्या काळात सिनेमाची एक चौकटही बदलली नव्हती. तो कोणाला बघायला मिळतो आणि कोण बघतो, एवढंच बदलत गेलं.

आल्फ्रेड हिचकॉक हा अस्सल लंडनकर. १८९९ साली शहराच्या पूर्वेकडच्या लेटनस्टोनमध्ये एका भाजीवाल्याच्या घरात जन्मलेला. सिनेमाच्या धंद्यात तो शिरला तो मूकपटांत संवाद दाखवणाऱ्या पाट्या रंगवायला. १९२७ सालच्या ‘द लॉजर’ने त्याचं नाव झालं. पण वितरकाला तो सिनेमा इतका नावडला की डबे तसेच पडून राहिले. शेवटी आयव्हर मोंटेग्यू या तरुण संकलकाला बोलावलं, त्याने पाट्या भराभर कमी केल्या आणि सिनेमा बाहेर आला. त्यातलं एक दृश्य आजही वर्गात दाखवतात. खालच्या खोलीतली घरची माणसं छताकडे बघतात, वरचा भाडेकरू येरझाऱ्या घालतोय. मूकपटात पावलांचा आवाज ऐकवणार कसा? हिचकॉकने जाड काचेची जमीन करवून घेतली आणि खालून चित्रीकरण केलं. झुंबर हलतं, छत विरघळतं आणि बुटांचे तळवे आपल्या डोक्यावरून फिरतात.

१९३०च्या दशकात त्याने ब्रिटनमध्ये ओळीने रहस्यपट केले. ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ १९३५चा, ‘द लेडी व्हॅनिशेस’ १९३८चा. ‘थर्टी-नाइन स्टेप्स’ म्हटलं की लोकांना बेड्यांत अडकलेली नायक-नायिकेची जोडी आठवते. मला आठवते ती स्कॉटलंडमधल्या गरीब शेतकऱ्याची झोपडी. पोलिसांपासून पळणारा नायक रॉबर्ट डोनाट एका रात्रीपुरता तिथे थांबलाय. टेबलावर वर्तमानपत्र पडलंय, त्यात खुनाची बातमी. नवरा जेवणाआधीची प्रार्थना म्हणतोय आणि तेवढ्यात त्याच्या तरुण बायकोची नजर बातमीवरून पाहुण्याकडे जाते. तिला कळतं. तिला कळलंय हे पाहुण्याला कळतं. नवऱ्याला मात्र दोघांची नजरानजर तेवढी दिसते आणि तो भलताच अर्थ लावतो. गोठ्याला कुलूप घालायचं निमित्त करून तो बाहेर जातो आणि खिडकीतून आत बघत राहतो. आतलं बोलणं आपल्यालाही ऐकू येत नाही. तीन माणसं, एक कागद, संवाद जवळजवळ नाहीत. मूकपटात मुरलेला माणूस बोलपट करत होता, तो असा.

१९३९ साली तो हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिकच्या बोलावण्यावरून अमेरिकेला गेला. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि इंग्लंडात त्याच्यावर टीका झाली. ज्या ब्रिटिश निर्मात्याने, मायकल बाल्कनने, त्याला दिग्दर्शक केलं, त्यानेही १९४० साली जाहीर नापसंती दाखवली. तिकडे हिचकॉकचा पहिला हॉलिवूडपट ‘रेबेका’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. (आपल्याकडे १९६४चा ‘कोहरा’ त्याच घराण्यातला. ‘झूम झूम ढलती रात’ ऐकताना ते धुक्यातलं मोठं घर कुठून आलं हे आपण विसरतो.) दिग्दर्शनाचं ऑस्कर मात्र त्याला कधीच मिळालं नाही. पाच वेळा नामांकन झालं आणि पाचही वेळा तो रिकाम्या हातांनी परतला.

इंग्लंडातल्या समीक्षकांनी मग एक सोयीची मांडणी केली: इंग्लिश हिचकॉक चपळ, मिश्कील, खऱ्या माणसांत वावरणारा, अमेरिकन हिचकॉक फुगलेला, चकचकीत, पोकळ. पुढे स्वतः दिग्दर्शक झालेल्या लिंडसे अँडरसनने १९४९ साली ‘सीक्वेन्स’ मासिकात जवळजवळ हीच बाजू घेतली होती. त्या काळातल्या लंडनकराची यादी म्हणजे वर ‘थर्टी-नाइन स्टेप्स’ आणि ‘लेडी व्हॅनिशेस’, आणि हॉलिवूडमधलं काही घेतलंच तर नाइलाजाने. या निवाड्यात थोडा राग मिसळलेला होता असं मला वाटतं. पण तो निव्वळ आकसाचा नव्हता. झोपडीतलं ते दृश्य पुन्हा बघितलं की त्यांची हळहळ कळते.

उलटा निवाडा पॅरिसमध्ये झाला. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येत नव्हते. युद्ध संपल्यावर साचलेले सगळे एकदम आले. इंग्रज प्रेक्षकाने जे वर्षाला एक-दोन असे बघितले, तेच फ्रेंच पोरांनी पाठोपाठ बघितले. असं ओळीने बघितलं की दिग्दर्शकाच्या खोडी दिसायला लागतात: तोच निरपराध माणूस, तोच जिना, एकाचा अपराध दुसऱ्याच्या अंगावर येणं. १९५१ साली निघालेल्या ‘काये द्यु सिनेमा’ मासिकातल्या या मंडळींनी हिचकॉकला डोक्यावर घेतलं. एरिक रोमेर आणि क्लोद शाब्रोल यांनी १९५७ साली त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजांना हा सगळा पोरकटपणा वाटला. भुताटकीच्या गोष्टी सांगणाऱ्या करमणूकदाराचं कसलं तत्त्वज्ञान! त्यात १९५५पासून तो दूरचित्रवाणीवर आपली मालिका घेऊन येत होता, पोट पुढे काढून, ढिम्म चेहऱ्याने विनोद करत. इतक्या ओळखीच्या चेहऱ्याला थोर कलावंत म्हणणं लोकांना अवघडच गेलं.

‘व्हर्टिगो’ आला तो नेमका या वादाच्या मध्यात. कथा बोआलो-नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या कादंबरीवरची. उंचीला घाबरणारा निवृत्त पोलीस एका बाईच्या मागे लागतो, ती मरते, मग तिच्यासारखी दिसणारी दुसरी भेटते आणि हा तिचे कपडे, केस, सगळं बदलून तिला पहिलीसारखी करू बघतो. रहस्य काय ते हिचकॉक शेवटाच्या बरंच आधी सांगून टाकतो. रहस्यपट बघायला आलेल्याला हे फसवणुकीसारखं वाटलं असेल तर नवल नाही. ‘साइट अँड साउंड’ या लंडनच्या मासिकात तेव्हाच्या संपादक पेनेलोपी ह्यूस्टन यांनीच त्याची थंडपणे दखल घेतली. हिचकॉक स्वतःलाच पुन्हा सांगतोय, आणि तेही संथपणे, असा त्यांचा सूर होता. या मासिकाचं नाव लक्षात ठेवा.

मंडळी ज्याला संथ म्हणत होती ते दृश्य असं: हॉटेलच्या खोलीबाहेर निऑनची हिरवी पाटी लागली आहे. जेम्स स्टुअर्ट वाट बघत उभा आहे. न्हाणीघराचं दार उघडतं आणि किम नोव्हाक पूर्ण सजून बाहेर येते, पण आधी ती धूसर दिसते, हिरव्या उजेडात विरलेली, जणू मेलेलं माणूस परत येतंय. दोन पावलं पुढे आल्यावर ती स्पष्ट होते. बर्नार्ड हर्मनचं संगीत चढत जातं. कोणी काही बोलत नाही. घाईत असलेल्या प्रेक्षकाला यात काय मिळणार?

‘सायको’चं नशीब दोन वर्षांनी वेगळं निघालं. सुमारे आठ लाख डॉलरमध्ये, दूरचित्रवाणीच्या कामगारांना घेऊन केलेला काळा-पांढरा सिनेमा, आणि सुरू झाल्यावर कोणाला आत सोडायचं नाही असा नियम. लोकांनी रांगा लावल्या. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’च्या जुन्या जाणत्या समीक्षक सी. ए. लेजून अर्ध्यातून उठून गेल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरने आधी नाक मुरडलं आणि वर्षअखेरीस तोच सिनेमा आपल्या वर्षातल्या दहा उत्तम सिनेमांत घातला. क्रमवारी किती लवकर पलटते याचं याहून छोटं उदाहरण सापडणार नाही.

१९६२च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो हिचकॉकसमोर आठवडाभर बसला. मध्ये दुभाषी हेलन स्कॉट. त्या गप्पांचं पुस्तक १९६६ साली फ्रेंचमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत आलं. इंग्लंडात समीक्षक रॉबिन वुड यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकाची सुरुवातच ‘हिचकॉककडे गांभीर्याने का बघायचं’ या प्रश्नाने केली आणि ‘व्हर्टिगो’ला अगदी वरच्या पंगतीत बसवलं. यानंतर ‘पोकळ अमेरिकन हिचकॉक’ ही मांडणी फार दिवस टिकणार नव्हती.

इथे गंमत झाली. विद्वान ‘व्हर्टिगो’ला डोक्यावर घ्यायला लागले आणि सिनेमा पडद्यावरून गेला. ‘रोप’, ‘रिअर विंडो’, ‘द ट्रबल विथ हॅरी’, ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६चा) आणि ‘व्हर्टिगो’ या पाचांचे हक्क करारानुसार हिचकॉककडे परत आले होते आणि सत्तरच्या दशकात त्याने ते बाजारातून काढून घेतले. साधारण दहा वर्षं हे पाच सिनेमे रीतसर बघायची सोय नव्हती. चित्रपटप्रेमींत त्यांना ‘हरवलेले पाच हिचकॉक’ म्हणायची पद्धत पडली. ज्यांनी बघितले होते ते आठवणीतून सांगत, ज्यांनी नव्हते ते वाचून झुरत. १९८० साली हिचकॉक गेला आणि १९८३पासून युनिव्हर्सल स्टुडिओने ते पुन्हा प्रदर्शित केले.

आता त्या मासिकाकडे. ‘साइट अँड साउंड’ १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना दहा सर्वोत्तम सिनेमे विचारतं. १९५२, १९६२, १९७२ या तिन्ही खेपांना पहिल्या दहांत हिचकॉकचा एकही सिनेमा नव्हता. १९८२ साली ‘व्हर्टिगो’ सातव्या जागी आला, म्हणजे तो कुठेच दाखवला जात नसताना! १९९२ला चौथा. १९९६ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी त्याची डागडुजी करून नवी प्रत काढली, फिकट पडलेला तो हिरवा रंग परत आला. २००२ला दुसरा, ‘सिटिझन केन’हून पाच मतांनी मागे. आणि २०१२ला पहिला: ८४६ समीक्षकांपैकी १९१ जणांच्या यादीत ‘व्हर्टिगो’ होता, १५७ जणांच्या यादीत ‘केन’. पन्नास वर्षं गादीवर बसलेला ‘केन’ खाली उतरला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीतली उडी तर याहून मोठी, १९९८ साली ६१वा आणि २००७ साली ९वा.

एक तांत्रिक गोष्ट लोक विसरतात. ‘साइट अँड साउंड’च्या मतदानात दहा नावं क्रमाने लिहायची नसतात, प्रत्येक नावाला एकच मत. म्हणजे पहिला आलेला सिनेमा एकाही माणसाचा सर्वांत लाडका नसला तरी चालतं, तो जास्तीत जास्त लोकांच्या पहिल्या दहांत असला म्हणजे झालं. शिवाय दहांतली एकच जागा हिचकॉकला द्यायची असेल तर प्रश्न येतो, कुठला सिनेमा द्यायचा. पूर्वी मतं ‘सायको’, ‘रिअर विंडो’, ‘नटोरियस’ अशी विखुरली जायची. पुढे ती एका नावाभोवती गोळा झाली. माझ्या मते ‘व्हर्टिगो’च्या विजयात या एकजुटीचा वाटा मोठा आहे. २०२२ला मतदार १,६३९ झाले, शान्ताल आकेरमनचा ‘जान दिएलमान’ पहिला आला आणि ‘व्हर्टिगो’ दुसऱ्यावर सरकला.

आणि इंग्लिश हिचकॉकचं काय? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली शंभर ब्रिटिश सिनेमे निवडले तेव्हा ‘थर्टी-नाइन स्टेप्स’ चौथा होता. तिथे ‘व्हर्टिगो’ मुळात स्पर्धेतच नव्हता. पण बाहेरच्या जगात हे सिनेमे वर्षानुवर्षं स्वस्त कॅसेटी आणि डीव्हीडींवर, खरवडलेल्या प्रतींतून बघितले गेले. मी पहिल्यांदा ‘लेडी व्हॅनिशेस’ बघितला तो अशाच एका डबड्या प्रतीतून, निम्मे संवाद कळले नाहीत, आणि माझ्या वहीत तो विसाव्या नंबरावर गेला. चांगली प्रत बघितल्यावर मुकाट्याने सहावर आणला. २०१२ साली त्याच संस्थेने हिचकॉकचे उरलेले नऊ मूकपट साफसूफ करून पुन्हा दाखवले, तेव्हा कुठे ‘द लॉजर’ची काच लोकांना नीट दिसली.

अलीकडे आणखी एक गोष्ट यादीत लुडबुडते. ‘द बर्ड्स’ आणि ‘मार्नी’ची नायिका टिपी हेड्रन यांनी २०१६ सालच्या आपल्या आठवणींत हिचकॉकने केलेल्या लैंगिक छळाबद्दल लिहिलं. ‘मार्नी’ आधी आपटला, मग समीक्षकांनी वर नेला. आता तो कुठे ठेवायचा याबद्दल लोक अडखळतात. एका बाईला हवं तसं घडवू बघणाऱ्या पुरुषाचा ‘व्हर्टिगो’ही हे वाचल्यानंतर पूर्वीसारखा बघता येत नाही. काहींना तो त्यामुळे जास्त खरा वाटतो.

हिचकॉकला स्वतःला विचारलं की तो बऱ्याचदा १९४३च्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’चं नाव घ्यायचा. त्रुफोने हटकल्यावर मात्र सावरून घेतलं. तळाचं नाव सांगताना त्याला असा संकोच नव्हता. १९२६चा ‘द माउंटन ईगल’, त्याचा दुसरा सिनेमा, फार वाईट होता असं त्याने त्रुफोला सरळ सांगितलं. त्याची एकही प्रत उरलेली नाही. काही छायाचित्रं आहेत तेवढीच. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या हरवलेल्या पंचाहत्तर सिनेमांच्या शोधयादीत तो पहिला आहे.