येशूच्या आधीची वाणी: कुमरानच्या गुंडाळ्या काय सांगतात

येशू ज्यू, त्याचे पहिले शिष्य ज्यू आणि ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रसारक पौलही ज्यूच. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक अभ्यासकांना वाटे, की 'देवाचा पुत्र' किंवा प्रकाश आणि अंधार यांचे द्वंद्व या कल्पना ख्रिस्ती धर्मात ग्रीक जगातून आल्या. या मताला मोठा धक्का बसला तो एका गुहेतल्या शोधामुळे.

१९४७च्या सुमारास मृत समुद्राच्या वायव्य काठावर, कुमरानजवळ, बेदुइन (भटक्या अरब) मेंढपाळांना मातीच्या रांजणांत कातड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. पुढे ११ गुहांतून ९००हून अधिक ज्यू हस्तलिखितांचे अवशेष निघाले. कार्बन-१४ पद्धत शोधणारे रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी गुंडाळ्यांभोवतीच्या लिननच्या कापडाचे वय याच पद्धतीने काढले. ते आले इ.स. ३३, पण दोनशे वर्षे मागेपुढे. नव्वदच्या दशकात झुरिच आणि अॅरिझोनातल्या प्रयोगशाळांनी कातड्याच्या अगदी छोट्या नमुन्यांवरून अधिक नेमकी मोजणी केली. बहुतेक गुंडाळ्या इ.स.पू. तिसरे ते इ.स. पहिले शतक या काळातल्या ठरल्या. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच येशूच्या जन्माआधीच्याच.

आणि त्यांत काय आहे? एका अरामी तुकड्यात 'देवाचा पुत्र', 'परात्पराचा पुत्र' हे शब्द आहेत. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या एका चरित्रग्रंथात, गब्रिएल देवदूत येशूच्या आईला, मरियेला जवळजवळ हेच सांगतो. दुसऱ्या एका हिब्रू तुकड्यात मशीहाच्या, म्हणजे ज्यूंना अपेक्षित असलेल्या तारणाऱ्याच्या, काळाचे वर्णन येते: आंधळ्यांना दृष्टी, मेलेल्यांना जीवन, दीनांना सुवार्ता. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने पाठवलेल्या शिष्यांना येशूने दिलेले उत्तर याच्याशी इतके जुळते, की मला हा सगळ्या संग्रहातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. 'अरण्यात प्रभूचा मार्ग तयार करा' ही यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातली ओळ कुमरानला राहणाऱ्या ज्यू पंथाने स्वतःला लावून घेतली होती. मार्कच्या शुभवर्तमानाने तीच योहानाला लावली.

याचा अर्थ येशू किंवा योहान या पंथाचे होते असा मात्र नाही. तसा पुरावा नाही, आणि येशूचे नावही या गुंडाळ्यांत कुठे येत नाही.

मग हे विचार एका एकांतवासी पंथापुरतेच होते का? २०२० साली तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वीडनमधल्या सहकाऱ्यांसोबत कातड्यांचा डीएनए तपासला. बहुतेक कातडी मेंढीची होती, पण यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचे काही तुकडे गायीच्या कातड्यावर निघाले. त्या वाळवंटात गायी पोसणे अशक्यच, तेव्हा निदान ही हस्तलिखिते बाहेरून आलेली. शिवाय यिर्मयाचे कुमरानमधले तुकडे एकाच पाठाचे, म्हणजे ग्रंथाच्या एकाच रूपाचे, नाहीत. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक वाचत त्या ग्रीक भाषांतरात यिर्मया बराच आखूड आहे, आणि भाषांतरकारांनीच तो छाटला असावा अशी शंका घेतली जाई. कुमरानमध्ये त्या आखूड पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेही मिळाले. म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या हाती आलेला तो पाठही ज्यूंच्याच घरातला होता.