शोधनिबंधावरचं नाव आणि विभागप्रमुखाची खुर्ची

आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एमडीसाठी प्रबंध लिहिला आणि त्यांची नेमणूक झाली कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागावर. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर बाईंना अधिकार मिळाला तो बहुधा स्त्रियांच्या दवाखान्यापुरताच. एम्स १९५६ मध्ये सुरू झालं, तिथे स्नेह भार्गव संचालक झाल्या १९८४ मध्ये. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मूळ संस्था १९११ ची, पहिल्या महिला महासंचालक जी. व्ही. सत्यवती आल्या १९९४ मध्ये. १८४० पासून निघणाऱ्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाला महिला मुख्य संपादक मिळाल्या त्या २००५ मध्ये, फियोना गॉडली.

याचं मोजमाप २००६ मध्ये अमेरिकेत झालं. सहा नामांकित नियतकालिकांत पहिलं नाव स्त्रीचं असण्याचं प्रमाण १९७० मध्ये ५.९ टक्के होतं, ते २००४ मध्ये २९.३ वर गेलं. शेवटचं नाव, म्हणजे मार्गदर्शकाचं, ३.७ वरून १९.३ टक्क्यांवरच पोचलं. खुर्ची या शेवटच्या नावाशी जोडलेली असते, म्हणून खरा अडसर इथे आहे.

आपल्याकडे अडसर आणखी खाली, नावांच्या क्रमातच सुरू होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार (२०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) सहयोगी प्राध्यापकाला किमान दोन आणि प्राध्यापकाला एकूण चार शोधनिबंध लागत, आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक, म्हणजे नियतकालिकाशी संपर्क ठेवणारा, असावा लागे. रुग्णांची माहिती गोळा करून, तक्ते भरून, मसुदा लिहिणारी कनिष्ठ डॉक्टर, वरिष्ठांची नावं आदरापोटी पुढे सरकवली की चौथी होते. चौथ्या नावाला त्या नियमांत शून्य किंमत. हा आदर नव्हे, अन्याय आहे. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावं यासाठी घातलेल्या चार अटींत निव्वळ पद बसत नाही.

दुसरी गळती आडनावाची. मिरज, सांगली, कराडच्या महाविद्यालयांतून शिकलेली ‘पाटील एस व्ही’ लग्नानंतर ‘शिंदे एस आर’ होते. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे निबंधावर जुन्या नावाचं एकच आद्याक्षर उरतं. सासरी नावच बदललं तर तेही नाही. पाटील एस तर या भागात शेकड्यांनी, त्यामुळे शोधयंत्रात तिचे जुने आणि नवे निबंध दोन वेगळ्या व्यक्तींचे दिसतात, संदर्भांची गणतीही फुटते. वडील-पतीच्या नावाची ही पद्धत पाश्चात्त्य नोंदप्रणालीच्या हिशेबात कधी धरलीच गेली नाही.

२०१२ पासून मिळणारा, संशोधकाची कायमची ओळख ठरणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक यावर मोफत उपाय आहे. तो पहिला निबंध पाठवण्याआधीच काढावा, दोन्ही नावं ‘इतर नावं’ या रकान्यात भरावीत आणि प्रत्येक निबंधासोबत क्रमांक द्यावा. छपाईसाठी एकच नाव ठरवून तेच कायम ठेवावं, मग पगारपत्रकावर काहीही असो. शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपसवर दोन प्रोफाइल झाली असतील तर ती जोडून घेण्याची विनंती करता येते. बढतीच्या फाइलीत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत निबंधांच्या लगेच मागे लावावी. आणि लेखकांचा क्रम नीतिशास्त्र समितीकडे प्रस्ताव जातानाच लेखी ठरवून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, कारण निबंध स्वीकारला गेल्यावर त्या वादात कनिष्ठ डॉक्टर क्वचितच तोंड उघडते.