‘दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीची पार्श्वभूमी

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जिल्हा पानांवर अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक ‘जगातील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञां’त आल्याच्या बातम्या झळकतात. बातमीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं नाव हमखास असतं, पण हा त्या विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिथला एक प्राध्यापक आणि त्याचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या (पेपरांच्या) व्यापारी डेटाबेसमधल्या नोंदींवरून हिशेब करतात आणि तक्ता सर्वांसाठी खुला ठेवतात.

सायटेशनची, म्हणजे एका पेपरने दुसऱ्या पेपरच्या दिलेल्या संदर्भांची, सूची करण्याची कल्पना 1955 मध्ये मांडली गेली. तिचा रोख माणसांची प्रतवारी लावण्यावर नव्हता. एका पेपरचा माग काढत पुढचे संबंधित पेपर शोधता यावेत, एवढीच अपेक्षा होती. 2005 मध्ये एच-इंडेक्स आला (20 म्हणजे निदान 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन्स) आणि मोजमाप थेट माणसावर येऊन ठेपलं. गणितातला 20 आणि पेशीजीवशास्त्रातला 20 यांचं वजन वेगळं, हे लगेच लक्षात आलं. शिवाय कणभौतिकीतल्या हजार लेखकांच्या पेपरचं पूर्ण श्रेय हजारही जणांच्या खात्यावर जमा होऊ लागलं. यावर उतारा म्हणून 2016 मध्ये सहा आकड्यांचा एकत्रित गुणांक पुढे आला: एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार विभागलेला एच-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन्स, त्यात प्रथम लेखक असलेले पेपर मिळवून होणारी सायटेशन्स आणि त्यातही शेवटचा लेखक असलेले पेपर मिळवून होणारी.

प्रत्येक आकड्यात 1 मिळवून नैसर्गिक लॉगॅरिदम घेतात, त्या रकान्यातल्या कमाल मूल्याच्या तशाच काढलेल्या लॉगॅरिदमने भागतात आणि सहा भागाकारांची बेरीज करतात. कमाल बेरीज 6. लॉगॅरिदममुळे खालच्या पायरीवरची वाढ जास्त मोलाची ठरते. एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन्स 0 वरून 10 झाली, तर लॉगॅरिदम 2.4 ने वाढतो. एकूण सायटेशन्स 1000 वरून 2000 झाली, तरी तो जेमतेम 0.7 ने वाढतो. एकट्याचा पेपर सहाही आकड्यांत भर घालू शकतो, मधल्या लेखकाचा पेपर फार तर पहिल्या तीनांत. गटाने काम करणाऱ्या प्रयोगशाळांतल्या तरुणांना याचा फटका बसतो आणि तो अन्यायच आहे.

गणितात लेखकांची नावं सहसा आडनावांच्या रोमन अक्षरक्रमाने लागतात. अभ्यंकर, कुलकर्णी आणि वाघ अशा तिघांच्या पेपरात अभ्यंकरांना पाचव्या-सहाव्या आकड्याचा लाभ होतो, वाघांना सहाव्याचा, कुलकर्णींना दोन्हींचा नाही. कामाचा वाटा तिघांचा सारखा असला तरी.

आता ‘दोन टक्के’. 2019 च्या पहिल्या यादीत सगळ्या विषयांतले मिळून वरचे 1 लाख जण होते. त्यात मोठ्या सायटेशनच्या विषयांचा भरणा झाला, कारण हा गुणांक स्वतः विषयसापेक्ष नाही. म्हणून 2020 मध्ये दुसरा दरवाजा उघडला: 1 लाखात नसलात तरी आपल्या उपविषयातल्या वरच्या 2 टक्क्यांत असलात तर प्रवेश. विषय 22, उपविषय 174. म्हणजे यादीत नाव असलेला प्रत्येक जण ‘जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांच्या वरच्या 2 टक्क्यांत’ असतो, हे खरं नाही. टक्केवारीचा पाया किमान 5 पेपर असलेल्या लेखकांचा आहे. 40,000 लेखकांच्या उपविषयात 800 वा क्रमांक चालतो, 5000 लेखकांच्या उपविषयात 100 च्या आत यावं लागतं. तुमचा उपविषय ठरतो तो ज्यात सर्वाधिक पेपर आहेत त्यावरून. दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्याचं गणित इथेच फिरतं. दुसरा दरवाजा हवाच होता, त्याशिवाय गणितज्ञ जवळपास दिसलेच नसते. पण बातमीत ‘कोणत्या उपविषयात, कितव्या क्रमांकावर, किती जणांपैकी’ हे तीन आकडे यायलाच हवेत. तक्त्यात ते असतात.

तक्ते दोन: संपूर्ण कारकिर्दीचा आणि एका वर्षाचा. एका वर्षाचा तक्ता त्या वर्षी लिहिलेल्या पेपरांचा नसतो. आजवरच्या सगळ्या पेपरांना त्या एका वर्षात मिळालेली सायटेशन्स त्यात मोजतात. महाविद्यालयांच्या फलकांवर सर्वाधिक घोळ इथेच होतो. सेल्फ-सायटेशन (स्वतःच्याच पेपरांना दिलेले संदर्भ) धरून आणि वगळून असे दोन क्रमांकही असतात. त्यांत मोठी तफावत दिसली की सेल्फ-सायटेशनच्या टक्केवारीचा रकाना जरूर पाहावा. अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांची संख्याही दिली आहे.

मराठीतून लिहिणाऱ्या इतिहासकाराचं किंवा भाषाभ्यासकाचं नाव इथे शोधण्यात अर्थ नाही. त्यांचे ग्रंथ आणि नियतकालिकं स्कोपसमध्ये जवळजवळ नाहीतच. विज्ञानात मात्र नावामुळे नुकसान होतं. ‘एस. पाटील’ या एकाच नोंदीखाली अनेक जण मिसळतात, किंवा लग्नानंतर आडनाव बदलल्यामुळे एकाच बाईंची दोन प्रोफाइल तयार होतात आणि सायटेशन्स विभागली जातात. यादी करणाऱ्यांना कळवून उपयोग नाही. स्कोपसकडेच प्रोफाइल जोडण्याची किंवा चुकीचे पेपर काढण्याची विनंती करायची, ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी क्रमांक जोडायचा आणि पुढच्या आवृत्तीसाठी नोंदी गोठवण्याच्या तारखेआधी दुरुस्ती झाल्याची खात्री करायची.