शुगर आहे? मग आधी पडदा, नंतर चष्मा

दुकानात पाऊल टाकलं की आम्ही आधी विचारतो, "शुगर आहे का?" आणि समोरून उत्तर येतं, "चष्म्याचा नि शुगरचा काय संबंध?" रोज तेच सांगून घसा बसला, म्हणून हा कागद छापून घेतला.

साखर वाढली की डोळ्यातलं भिंग पाणी ओढून फुगतं आणि नंबर सरकतो, बहुतेक वेळा मायनसकडे. गेल्या उन्हाळ्यात पन्नाशीचे एक काका खुशीत आले. "जवळचा चष्मा सुटला बघा, पेपर उघड्या डोळ्यांनी वाचतो. एसटीची पाटी तेवढी दिसत नाही, लांबचा करून द्या." शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं, तर साखर तीनशेच्या वर. शुगर आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आम्ही थांबायला सांगितलं, त्यांनी दुसरीकडून चष्मा केला. गोळ्या लागू पडल्या, नंबर परत फिरला आणि नवा चष्मा कपाटात गेला. काकांनी दोष दिला गोळ्यांना, आणि त्या बंद केल्या!

गोळ्या किंवा इन्शुलिन नव्याने सुरू झालं असेल तर नंबर ठरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जुन्यावर भागवा, अगदीच अडलं तर आमच्याकडे स्वस्तातले तयार चष्मे आहेत. प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेतून दिसणाऱ्या) काचा तुमच्याच नंबरच्या बनून येतात, त्या परत घेता येत नाहीत. ग्राहक परत पाठवणारं दुकान म्हणून लोक हसतात. हसू देत.

आता पडद्याचं, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला चित्र उमटतं त्या थराचं. नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. शुगर असलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एक ताई तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचत होत्या, सुईत दोराही स्वतः ओवायच्या. पडद्याच्या फोटोत मात्र रक्ताचे बारीक ठिपके, आणि मध्याजवळ पिवळट डाग. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसायलाही कमी होत नाही. लेसर किंवा इंजेक्शनचा खरा उपयोग याच वेळी होतो, कारण गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही.

टाइप 2 (बहुधा मोठेपणी होणारी शुगर) असेल तर निदान झालं की लगेच आणि पुढे दरवर्षी पडदा तपासा. टाइप 1 (बहुधा लहान वयात होणारी, इन्शुलिनवरची शुगर) मध्ये पहिली तपासणी शुगर सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच.

आमच्या कॅमेऱ्याने बहुतेकांचा फोटो बाहुली मोठी करणारे थेंब न घालता निघतो. तो पडद्याचे डॉक्टर बघतात, निदान आम्ही करत नाही. काही आढळलं, किंवा मोतीबिंदूमुळे फोटो धूसर आला, तर चिठ्ठी देतो. ती घेऊन सिव्हिलला जा नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, आम्हाला त्यात कमिशन नाही. तिथे थेंब घालतील, काही तास धूसर दिसेल. गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या.

अचानक काळे ठिपके, कोळ्याचं जाळं किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं तर आमच्याकडे येऊ नका, त्याच दिवशी थेट डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा.

एरवी येताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आणि जुना चष्मा आणा. चष्मा आमच्याकडचा असेल तर फोटोचे निम्मेच पैसे. सोमवारी दुकान बंद.