स्टँडशेजारचे मैदान आणि प्रेक्षकांची वाहने

साताऱ्याचे श्रीमंत छत्रपती शाहू जिल्हा क्रीडा संकुल मध्यवर्ती बसस्थानकाला लागून आहे. रेल्वे स्टेशन मात्र शहराबाहेर माहुलीजवळ असल्यामुळे वडूज, पाटण किंवा मेढ्याहून सामने पाहायला येणाऱ्याला एसटीखेरीज सार्वजनिक साधन असे फारसे नाही.

१९४८ साली राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याआधी कुस्तीशौकीन फडापर्यंत बैलगाडीने येत किंवा चालत येत. फड बहुधा गावच्या जत्रेला जोडूनच भरत आणि दुपारी सुरू झालेल्या कुस्त्या दिवेलागणीला आटोपत, त्यामुळे पुढे एसटी गावोगाव पोहोचल्यावर शेवटची जोड पाहूनही संध्याकाळची मुक्कामी गाडी गाठता येई.

मैदानाची जागा बदलली की प्रवास कसा बदलतो, हे सातारकरांनी पुण्यात पाहिले आहे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर; साताऱ्याहून आलेला प्रेक्षक स्वारगेटला उतरून चालतच आत जाऊ शकत असे. २०१२ मध्ये सुरू झालेले गहुंजेचे स्टेडियम द्रुतगती महामार्गाच्या बाजूला, शहराबाहेर आहे. तेथे जायचे तर स्वारगेटहून आणखी एक-दोन गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून चौघे-पाचजण मिळून मोटार काढतात आणि डिझेल वाटून घेतात. अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहराने नेमका याच्या उलट प्रवास केला. तेथील बास्केटबॉल संघ १९८८ पासून नातोमास भागात, चहूबाजूंनी पार्किंग असलेल्या अरीनात खेळत होता आणि २०१६ मध्ये तो शहराच्या मध्यभागी, लाइट रेलच्या टप्प्यात आला.

साताऱ्याला अशी जागा आयतीच मिळालेली आहे, तरी तिचा उपयोग गाड्या चालू असण्यावर अवलंबून आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये उघड झाले. या संकुलात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने गदा पटकावली, पण त्या वेळी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप मिटलेला नव्हता. राज्यभरातून पैलवान आणि शौकीन येत असताना शेजारच्या स्थानकातून नेहमीसारख्या गाड्या सुटत नव्हत्या. भिस्त होती ती मोटारसायकली, वडाप (माणसे भरून नेणाऱ्या खाजगी जीपगाड्या) आणि खाजगी गाड्यांवर.

संपाचा अपवाद सोडला तरी अलीकडची अडचण अंतराची नसून वेळेची आहे, असे मला वाटते. प्रकाशझोतात खेळवले जाणारे सामने रात्री उशिरापर्यंत लांबतात, तोपर्यंत खेड्यांकडच्या शेवटच्या गाड्या सुटून गेलेल्या असतात, आणि परतीची खात्री नसलेला माणूस सकाळीच मोटारसायकलला किक मारतो. जानेवारी २०२१ मध्ये खुल्या झालेल्या पोवई नाक्यावरील ग्रेड सेपरेटरने, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्याने, चौकातली कोंडी कमी केली. मैदानाभोवती वाहने लावायची कोठे, हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नव्हता. मांढरदेव आणि पालीच्या यात्रांसाठी एसटीच्या जादा गाड्या सोडण्याची पद्धत जिल्ह्यात मुरलेली आहे. रात्रीच्या सामन्यांनंतर परतीच्या जादा गाड्यांचा तसा प्रघात अजून पडलेला नाही.